डायरी लिहायची आहे? कालनिर्णयाच्या चौकोनापासून सुरुवात करा

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं कालनिर्णय टांगलेलं असतं. तुमच्याकडेही कुठंतरी असेलच. त्याचे चौकोन कधी नीट बघितलेत? ७ तारखेला 'दूध नाही', ११ ला 'सिलिंडर लावला', १९ ला 'मावशी सुट्टी', २६ ला 'लाइट बिल भरले'. महिनाअखेरीला दूधवाल्याशी खाड्यांचा हिशोब याच चौकोनांवर चालतो आणि वाद झालाच तर कॅलेंडरचं म्हणणं खरं धरतात. "डायरी लिहायची फार इच्छा आहे हो, पण सवय नाही," असं कुणी म्हणालं की मी त्यांना हे चौकोन दाखवते. सवय आहे. चौकोन तेवढा लहान पडतो.

मी सांगलीत एका महाविद्यालयाच्या कार्यालयात हिशोबाचं काम करते. २००६ पासून डायरी लिहिते आहे, भरलेल्या वह्या आता तेवीस झाल्या. साहित्याशी माझा संबंध वाचनालयाच्या वर्गणीपुरता. तरी हे लिहायचं धाडस करते, कारण नव्यानं सुरू करणाऱ्यांची अडचण लिहिता न येण्याची नसतेच. डायरीत काहीतरी उदात्त लिहावं लागतं, असं त्यांना वाटतं. पहिल्या पानावर 'आजपासून मी नव्या आयुष्याला सुरुवात करत आहे' असलं वाक्य पडतं, चौथ्या दिवशी उदात्त काही सुचत नाही आणि वही किराण्याच्या यादीला लागते. माझं सांगणं उलटं आहे. किराण्याची यादीच लिहा. काय घडलं, कुणी काय म्हटलं, किती वाजता, कितीला, एवढं लिहा. विचार यायचे तेव्हा येतील, ते बोलावून येत नाहीत.

शब्दच बघा ना. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांतला 'नीस' म्हणजे फारसीतला लिहिणारा, आणि रोजनिशीतली 'निशी' त्याच घरातली. पेशव्यांच्या दप्तरातल्या रोजनिश्या कुणी मन मोकळं करायला लिहिल्या नव्हत्या. कुणाला काय दिलं, कुठं कोणता हुकूम गेला, खर्च किती पडला, याच्या त्या नोंदी. तरी त्या काळचं जगणं कळतं ते अशाच नोंदींतून.

मिळतं काय यातून

एक घरचाच दाखला देते. २०१४ च्या सुमारास माझी अर्धशिशी फार वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधी कधी दुखतं? मी म्हटलं, नेहमीच दुखतं. ते म्हणाले, असं नको, तीन महिने लिहून आणा. दुखणं किती वाजता सुरू झालं, आदल्या रात्री झोप किती, पोटात काय होतं, पाळीचा कितवा दिवस, गोळी कधी घेतली. डायरी होतीच, तिच्यात रोजची एक ओळ वाढली.

तीन महिन्यांनी वही उघडली तेव्हा डॉक्टरांना दाखवायच्या आधी मलाच दिसलं. डोकं अकरा वेळा दुखलं होतं. त्यातल्या सात दिवशी मी दुपारपर्यंत उपाशी होते. तीन संकष्ट्या, आणि चार रविवार, ज्या दिवशी घर आवरता आवरता नाश्ता राहून जायचा. उपाशीपोटी अर्धशिशी उठते यात नवल नाही, डॉक्टरांना ते ठाऊकच होतं. पण 'नेहमीच दुखतं' या दोन शब्दांतून त्यांना तरी ते कसं काढता आलं असतं? संकष्टी मी सोडली नाही. आता दुपारी राजगिऱ्याचा लाडू आणि दूध घेते, मग खुशाल चंद्रोदयाची वाट बघते.

रक्तदाब, साखर, लहान मुलाचा ताप, भाडेकरूनं कधी किती दिले, गाडीचं ऑइल कधी बदललं, सगळ्याला हेच लागू आहे. आपली आठवण मनातल्या मनात सरासरी काढते, आणि आदल्या आठवड्याचाच भाव सगळ्या वर्षाला लावते.

मन हलकं होतं म्हणतात, त्याबद्दल जरा जपून बोलते. अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञानं एका सहकारी संशोधिकेबरोबर १९८६ मध्ये महाविद्यालयीन मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी ओळीनं चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींनी किरकोळ विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट प्रसंगावर. प्रसंग आणि त्याबद्दल मनात काय आहे, असं दोन्ही लिहिणारी मुलं पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेली. मात्र लिहून झाल्या झाल्या त्यांना बरं नाही, उलट वाईट वाटत होतं. नंतर असे खूप प्रयोग झाले, आणि सगळे एकत्र मांडले तर सरासरी फायदा दिसतो तो लहानच. म्हणजे डायरी हे औषध नव्हे. पण पंधरा मिनिटं आणि एक बॉलपेन एवढ्याच भांडवलावर लहान फायदासुद्धा मी हिशोबाची बाई म्हणून सोडणार नाही.

झोपेबद्दलचा २०१८ सालचा एक प्रयोग मला जास्त आवडतो. बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी उरलेल्या कामांची यादी केली, काहींनी झालेल्या कामांची. उरलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली, आणि ज्याची यादी जास्त नेमकी त्याला आणखी लवकर. मी रोजच्या नोंदीखाली 'उद्या:' म्हणून एक ओळ लिहिते, ती तेव्हापासून.

वही कोणती घ्यायची

जानेवारीत पतसंस्था आणि विमा एजंट तारखा छापलेल्या डायऱ्या वाटतात, त्या सुरुवातीला घेऊ नका. छापील तारीख म्हणजे रोजचं एक कोरं पान, आणि आठ दिवस खाडा पडला की आठ कोरी पानं आपल्याकडे बघत बसतात. त्या शरमेनंच निम्म्या डायऱ्या फेब्रुवारीत बंद पडतात. शिवाय नशिबात एका दिवशी दोन ओळी असतात आणि एका दिवशी चार पानं, छापील डायरी दोघांना एकच माप देते.

साधी, एकरेघी, शिवलेल्या बांधणीची दोनशे पानी वही आणा. स्पायरलची नको, तार वाकते आणि पानं निसटतात. फार सुंदर वहीही नको. माझ्या नणंदेनं भाचीला जयपुरी हाती कागदाची, रेशमी नाडीची वही दिली होती. ती वही इतकी सुंदर आहे की त्यात लिहिण्याजोगं काही त्या पोरीच्या आयुष्यात अजून घडलेलं नाही.

पेनाबद्दल मात्र माझा हट्ट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं, आणि गावभागातल्या आमच्या घरात खालच्या मजल्यावर कमरेच्या वर होतं. माझ्या चार वह्या खालच्या कपाटात राहिल्या होत्या. पाणी उतरल्यावर काढल्या तेव्हा बॉलपेननं लिहिलेलं जवळजवळ सगळं वाचता आलं. जेल पेनची पानं निळ्या पाण्यासारखी झाली होती, २०११ चा अख्खा पावसाळा त्यात गेला. तेव्हापासून फक्त बॉलपेन. वही भिजलीच तर पानं ओढून सुटी करू नका. मध्ये मध्ये कोरा कागद घालून, सावलीत, पंख्याखाली उभी करून वाळवा, आणि कागद बदलत राहा.

पावत्या आणि तिकिटं चिकटवायची हौस असेल तर एक लक्षात घ्या. दुकानातल्या मशिनमधून येणारी गुळगुळीत पावती वर्षा-दोन वर्षांत कोरी होते. आकडा हातानं वहीत उतरवा, पावती फेकून द्या.

कधी आणि कुठं बसायचं

वेळ ठरवण्यापेक्षा एखाद्या रोजच्या कामाला डायरी बांधून टाका. माझी बांधलेली आहे दूध तापण्याला. रात्री उरलेलं दूध मंद आचेवर ठेवते आणि ओट्यापाशी उभ्या उभ्या लिहिते. सात-आठ मिनिटं मिळतात, आणि दूध उतू जायच्या भीतीनं पाल्हाळ होत नाही. (दोनदा गेलंय. दोन्ही नोंदी आहेत.) रेल्वेनं जाणारे डब्यात लिहू शकतील, दुकानदार गल्ला मोजल्यावर. सकाळी लिहिणारे सकाळी लिहोत. सकाळच्या डायरीत स्वप्नं आणि बेत जास्त असतात, रात्रीच्या डायरीत माणसं, एवढाच मला फरक दिसलेला आहे.

पहिले पंधरा दिवस फक्त तीन ओळी

वर तारीख, वार, आणि आपण कुठं आहोत ते गाव. खाली तीन ओळी:

एक, घडलेली एक गोष्ट.
दोन, कुणाच्या तरी तोंडचं एक वाक्य, जसंच्या तसं.
तीन, एक आकडा.

वाटल्यास चौथी, 'उद्या:'. पंधरा दिवस याच्यावर एक ओळ जास्त लिहायची नाही, हात शिवशिवला तरी. लिहायचं राहिलं असं वाटत वही मिटली की दुसऱ्या दिवशी ती आपसूक उघडते.

आता या दोन नोंदी बघा. दोन्ही माझ्याच, पहिली २००६ मधली:

'आज दिवस बरा गेला. ऑफिसात थोडं टेन्शन होतं. संध्याकाळी छान वाटलं.'

यातून आज मला काहीही आठवत नाही. कसलं टेन्शन? छान का वाटलं? ही नोंद महाराष्ट्रातल्या कुणाच्याही, कुठल्याही दिवशी खपून जाईल. दुसरी दोन वर्षांनंतरची:

'शिष्यवृत्तीच्या हिशोबात १,२०० चा फरक निघेना. साडेचारला सापडला, एक पावती दोनदा चढली होती. सासूबाई: "कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागल्यापासून भात बिघडायला लागला." येताना हरभट रोडला भडंग घेतलं, अर्धं रिक्षातच संपवलं.'

इथं 'टेन्शन' आणि 'छान' हे दोन्ही शब्द नाहीत. पण रिक्षात अर्धं भडंग संपवणारी बाई कुठल्या मनःस्थितीत होती, हे मला आजही लख्ख कळतं. 'बरं', 'छान', 'कंटाळा', 'मूड नव्हता' हे शब्द लिहावेसे वाटले की थांबा आणि स्वतःला विचारा, म्हणजे नेमकं काय झालं? मग ते लिहा.

बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं, यावर माझा एवढा भर का? माणसांचे फोटो भरपूर असतात, बोलणं मात्र माणसाबरोबर जातं. सासूबाई २०२१ मध्ये गेल्या. त्यांची चारशेच्या आसपास वाक्यं माझ्या वह्यांत आहेत, आणि त्यातली निम्मी तरी माझ्या स्वयंपाकाविरुद्ध आहेत.

क्षुल्लक लिहायची लाज वाटत असेल तर

सॅम्युअल पेपिस नावाच्या इंग्रज सरकारी नोकरानं १६६० ते १६६९ अशी साडेनऊ वर्षं डायरी लिहिली. लंडनची १६६६ ची प्रचंड आग त्यानं डोळ्यांनी बघितली आणि लिहिली. त्या वर्णनात सगळ्यांच्या लक्षात राहिलेली गोष्ट कोणती? घर जळेल या भीतीनं त्यानं खड्डा खणून आपलं चीज पुरून ठेवलं, ती. इटलीचं महागाचं चीज होतं, सोबत वाइनही पुरली.

हे वाचलं तेव्हा मला आमचा पूर आठवला. वही काढून बघितली. मिरजेला नणंदेकडं पोचल्यावर मी लिहिलं होतं: 'सासूबाईंनी माळ्यावर आधी लोणच्याची बरणी चढवली, नंतर दागिन्यांची आठवण झाली. ह्यांनी इस्त्री उचलली. का, ते त्यांनाही माहीत नाही.' पाणी किती फूट चढलं ते वर्तमानपत्रात कायमचं आहे. बरणी आणि इस्त्री कुठंच नसती.

माझे वडील, अण्णा, शेतकरी होते. पतसंस्थेच्या डायरीत ते लिहायचे. (त्यांना छापील तारखांचा जाच झाला नाही, कारण कोऱ्या पानाची त्यांना मुळी लाजच वाटायची नाही.) 'विहीर चार हात चढली.' 'युरिया २ पोती.' 'टोळी आली नाही, मुकादमाकडं निरोप.' सगळं असंच. ते गेल्यावर आम्ही भावंडांनी चाळलं, तर पन्नाशीतल्या माणसाच्या मनाचा ठाव कुठं लागेना. मग जून १९९३ ची एक नोंद सापडली. मला शिकायला सांगलीला वसतिगृहात सोडायला निघायचं होतं, पण शेतात काम पडलं म्हणून त्यांनी मला तालुक्याच्या स्टँडवर गाडीत बसवून दिलं होतं. नोंद अशी: 'सांगली गाडी १०.२०. तिकीट. चहा १.'

आधीची पानं उलटली. तालुक्याला आम्ही दर बाजाराला जायचो, आणि त्या प्रत्येक दिवशी 'चहा २' लिहिलेलं आहे.

राग आला असेल, दुःख असेल तेव्हा

या दिवसांसाठी तीन ओळींचा नियम मोडा, आणि रोजची वहीही बाजूला ठेवा. सुटे कागद घ्या. घड्याळ लावून पंधरा-वीस मिनिटं, हात न थांबवता लिहा. शुद्धलेखन, शिव्या, कशाचीही फिकीर करू नका. काय झालं, आणि त्याचं मला काय वाटतं, दोन्ही आलं पाहिजे. तीन-चार दिवस त्याच विषयावर लिहा, मग कागद फाडा किंवा जाळा. हवं तर त्यातली एखादी ओळ रोजच्या वहीत उतरवा. लिहून उठल्यावर तासभर जड वाटेल, तेव्हा लगेच ज्याचा राग आलाय त्याला फोन करायला जाऊ नका.

बोलायला कुणी नाही असं वाटतं त्यांनी पत्रासारखं लिहून बघावं. अॅन फ्रँक तेरा वर्षांची असताना अॅमस्टरडॅममध्ये लपून बसलेल्या घरात जे लिहायची, ते 'किटी' नावाच्या मनातल्या मैत्रिणीला लिहिलेली पत्रंच आहेत. आपली किटी कुणीही असू शकते. माझी एक सहकारी विठोबाला लिहिते आणि त्याला अरे-तुरे करते.

एक धोका सांगायला हवा. तेच गाऱ्हाणं, त्याच शब्दांत, महिनाभर उतरत असेल तर ते लिहिणं उपयोगाचं राहिलेलं नाही, जखमेवरची खपली काढणं चाललंय. अशा वेळी मी स्वतःवर एक सक्ती करते. तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या बाजूनं लिहायचा, 'मी' म्हणून, त्याच्या तोंडून. मोठ्या जावेच्या तोंडून मी एकदा दोन पानं लिहिली. तिचं सगळं पटलं नाही, थोडं पटलं, आणि ते थोडंच फार जड गेलं. हेही जमत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं पुन:पुन्हा लिहिलं जात असेल, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतूनही बोलता येतं.

खाडा पडला तर

पडणारच. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, आणि काही वेळा नुसता आळस. राहिलेले दिवस भरून काढायला बसू नका. आठवून आठवून लिहिलेले नऊ दिवस म्हणजे नऊ सरासऱ्या. सरळ आजची तारीख घाला आणि आजचं लिहा. माझा सगळ्यात मोठा खाडा पाच महिन्यांचा आहे. त्यानंतरच्या नोंदीची पहिली ओळ: 'बुधवार. कोथिंबीर ४० ला जुडी, घेतली नाही.'

कुणी वाचलं तर?

हा प्रश्न मला बायकाच जास्त विचारतात, आणि तो खराच अवघड आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहत असतील तर कुलूप लावलेला कप्पा हीच मोठी बातमी होते. मग काय करता येतं? अवघड गोष्ट आद्याक्षरांत लिहिता येते. फक्त कुणाचं आद्याक्षर कोणतं, हे आपल्याला दहा वर्षांनी आठवेल असं ठेवा. माझ्या २००९ च्या वहीत कुणी 'क्ष' आहे, त्यानं मला फार छळलंय, आणि तो कोण होता हे मला आता सांगता येत नाही.

मोडी लिपी शिकून घेतली तर घरातलं कुणी वाचू शकणार नाही, आणि एक सुंदर लिपी हाताखालून जाईल तो नफा वेगळा. पेपिसनंही लघुलिपीत लिहिलं होतं. पुढं दीडशे वर्षांनी एका माणसानं ती वर्षानुवर्षं खपून उलगडली, आणि त्या लघुलिपीचं पुस्तक पेपिसच्याच ग्रंथसंग्रहात पडून होतं! म्हणजे किल्ली पेटीपाशी ठेवू नका.

पण सगळ्यात साधा उपाय कंटाळवाणेपणाचा. ज्या वहीत कोथिंबिरीचे भाव आणि गाडीचं ऑइल आहे, ती दोन पानांपलीकडे कुणी चोरून वाचत नाही.

मोबाइलवर लिहिलं तर चालेल का

चालेल. हात दुखतो, अक्षर लागत नाही, प्रवास फार, अशांनी जरूर लिहावं. मराठीत बोलून टाइप होतं, ते आता चांगलं जमतं. दिवसभरात सुचलेलं व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचं आणि रात्री वहीत उतरवायचं, हे मी रोज करते. मात्र नुसत्या फोनवर विसंबू नका. माझ्या एका फोननं अचानक मान टाकली, तेव्हा आठ महिन्यांच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. महापुरानं इतकं नेलं नव्हतं. फोनवरच लिहायचं असेल तर महिन्यातून एकदा सगळं स्वतःच्या मेलवर पाठवा, किंवा छापून घ्या.

उलटून वाचणं

नवखे लोक नेमकं हेच करत नाहीत. लिहितात आणि मिटतात. आमच्या हिशोबात रोजची नोंद कीर्दीत होते, पण नुसती कीर्द ठेवून कुणाचं किती येणं आहे ते कळत नाही. त्यासाठी खतावणी लागते, एकेका खात्यावर नेऊन मांडलेली. डायरीचंही तसंच आहे. मी वहीची शेवटची चार पानं कोरी सोडते आणि सगळ्या पानांना नंबर घालते. महिनाअखेरीला अर्धा तास बसून त्या चार पानांवर खाती काढते: डोकं, पैसे, मुलगी, ऑफिस, घरदुरुस्ती. प्रत्येकापुढं पानांचे नंबर. बास. दुरुस्तीच्या खात्यावर एका वर्षी तेवीस नंबर चढले, तेव्हा ती मोटर दुरुस्त करायची नाही, बदलायची, हे भांडण न करता ठरलं.

दुसरं वाचन आजच्या तारखेचं. १४ जूनला सगळ्या वह्यांतले १४ जून काढायचे. पाऊस कधी आला ते ओळीनं दिसतं. ज्या काळजीनं एका वर्षी तीन पानं भरली होती ती दुसऱ्या वर्षी ओळीभरही नाही, हेही दिसतं. आणि काही गोष्टी 'पुढच्या महिन्यापासून' म्हणून मी नऊ वर्षं लिहिते आहे, तेही. पहिल्या वर्षी हे जमणार नाही, घाई करू नका. साधारण तीन वह्या झाल्या की गंमत सुरू होते.

भरलेल्या वह्यांचं काय

कण्यावर मार्करनं 'पासून–पर्यंत' तारखा घाला. पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि पेटी जमिनीवर नको, पूर येवो न येवो. कसर आणि वाळवीसाठी वाळवलेला कडुलिंबाचा पाला, किंवा डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून. ओल धरू नये म्हणून औषधांच्या डब्यांत येणाऱ्या त्या छोट्या पुड्या मी जमवते. दसऱ्याला हत्यारांबरोबर पेटी उघडून वह्यांना वारा दाखवायचा.

आपल्यामागं त्यांचं काय करायचं, तेही सांगून ठेवावं. मी पेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी डकवली आहे: '२०१५ पर्यंतच्या वह्या कुणीही वाचाव्यात. त्यापुढच्या बंबात घालाव्यात.' मागच्या दसऱ्याला मुलीनं ती वाचली आणि विचारलं, "आई, आपल्याकडं बंब कुठं आहे?" मी म्हटलं, माळ्यावर असेल. ती म्हणाली, नाही. वही काढली, घरदुरुस्तीचं खातं बघितलं, पान ११२. २२ सप्टेंबर २०१९: 'पुरानंतरची आवराआवर. बंब मोडीत दिला. साडेनऊ किलो, ३,८००. सासूबाई: "तुझ्या लग्नापेक्षा जुना होता तो."'